रूळ उचललेल्या वाटेने : बॅटर्सबी ते रोझडेल

ईशान्य इंग्लंडमधल्या मिडल्सबरोहून व्हिटबीला जाणारी गाडी बॅटर्सबीच्या लहानशा स्थानकात थांबते, चालक एका टोकाचा कक्ष सोडून दुसऱ्या टोकाला जातो आणि गाडी उलट दिशेने निघते. भोर घाटातल्या जुन्या रिव्हर्सिंग स्टेशनविषयी ऐकत वाढलेल्या माणसाला हे पाहून आपलेपणा वाटतो. मी मात्र गाडी सोडून दिली, कारण मला ज्या मार्गाने जायचे होते त्यावरून १९२९ नंतर एकही गाडी धावलेली नाही.

नॉर्थ यॉर्क मूर्सच्या पठारावरील रोझडेल खोऱ्यात सापडलेले लोहखनिज उत्तरेकडील भट्ट्यांपर्यंत पोहोचवण्यासाठी १८६१ साली हा मार्ग सुरू झाला. त्यातला सर्वांत अवघड भाग अगदी आरंभीच येतो. इंगल्बी इनक्लाइन नावाचा हा उतार जवळजवळ दीड किलोमीटर सरळ चढतो आणि सर्वांत उभ्या ठिकाणी त्याचे प्रमाण पाचास एक, म्हणजे पाच मीटर अंतरात एक मीटर चढ, असे आहे. भोर घाटात सदतिसास एक चढासाठी मागून जादा इंजिने लावावी लागतात, हे ध्यानात घेतले म्हणजे इथे इंजिनाचा उपयोगच का नव्हता ते कळते. माथ्यावर दोर गुंडाळणारे मोठे ढोल होते; खनिजाने भरलेल्या वाघिणी पोलादी दोराच्या एका टोकाला बांधून खाली सोडल्या की त्यांच्याच वजनाने दुसऱ्या टोकाच्या रिकाम्या वाघिणी वर ओढल्या जात. मला ओढणारे कोणी नव्हते. तो दीड किलोमीटर चढायला मला पाऊण तास लागला.

वर आल्यावर मात्र वाट जवळजवळ सपाट होते आणि दिवसभर तशीच राहते. ब्लोवर्थ क्रॉसिंगच्या पुढे सुमारे ४०० मीटर उंचीवरून ती फार्नडेल खोऱ्याच्या माथ्याला वळसा घालते. इथे मार्ग आखणाऱ्यांनी खाली उतरण्याचे सर्वस्वी टाळले आहे. जिथे ओढ्याची घळ आत शिरते तिथे वाटही तिच्याबरोबर आत शिरते, भरावावरून पलीकडे जाते आणि समोरच्या कडेने पुन्हा बाहेर येते. परिणामी समोर हाकेच्या अंतरावर दिसणारी, अर्ध्या तासाने आपण जिथे असू ती जागा आपल्याला आधीपासून दिसत राहते. पहिल्या दोन वळणांना मी चिडलो. तिसऱ्या वळणापासून माझी चाल मालगाडीची झाली आणि चिडणे थांबले.

झाड नाहीच. कोकणातल्या सड्यासारखा उघडा, वाऱ्याला मोकळा मुलूख. फक्त जांभ्याच्या जागी काळी दलदलीची माती आणि ऑगस्टअखेर तिच्यावर पसरलेले हेदरचे जांभळे झुडूप. पायाखाली राखमिश्रित काळी खडी. मधूनच ग्राउस पक्षी पायाजवळून फडफडत उठतो आणि ‘गो बॅक, गो बॅक’ असे स्पष्ट ओरडतो. सायमन कमिशनला काय वाटले असेल याची थोडी कल्पना आली.

ब्लेकीच्या धारेवर ‘लायन इन’ हे जुने मद्यगृह आहे. बॅटर्सबीपासून तिथपर्यंत खाण्यापिण्याचे काहीच मिळत नाही, त्यामुळे पाणी जपून वापरावे लागले. तिथे सूप घेतले आणि रोझडेलच्या पश्चिम कडेने निघालो.

या शेवटच्या टप्प्यात खाणीची पडकी बांधकामे दिसू लागतात. दरीपलीकडे पूर्वेच्या खाणीजवळ जुन्या भट्ट्यांच्या दगडी कमानींची रांग उन्हात उजळली होती. या भट्ट्यांत खनिज भाजून त्यातले पाणी आणि कार्बन डायऑक्साइड घालवीत, म्हणजे वाहून न्यायचे वजन कमी होई. वाटेच्या शेवटी बँक टॉपला पोहोचलो तेव्हा तशाच कमानी माझ्याही वाटेच्या कडेला होत्या, आतून तापून लालसर झालेल्या. तिथली उंच चिमणी १९७२ मध्ये पाडली, पण खाली गावात जाणारा रस्ता अजूनही ‘चिमणी बँक’ याच नावाने ओळखला जातो; इथे ‘बँक’ म्हणजे चढउताराचा रस्ता. त्याचा उतार तिनास एक आहे. दिवसभर सपाट चालून आलेल्या गुडघ्यांनी तो एकेक पाऊल तोलत, रस्त्याच्या कडेच्या गवतावरून उतरला.