अडकलेले डॉलर आणि धाब्याचं घर

अमळनेरात कर सल्लागाराकडे येणारी मंडळी ठरलेली. विप्रोचा लाभांश, कापसाचा व्यापार, पेन्शन, एखाद्या प्लॉटचा व्यवहार. परदेशातून डॉलर येणारी पोरंही आता असतात, पण त्यांचं काम वेबसाइट नाहीतर व्हिडिओ एडिटिंग. २ ऑगस्ट २०२५ च्या शनिवारी आलेलं प्रकरण या कुठल्याच खणात बसणारं नव्हतं.

रिटर्नची मुदत त्या वर्षी ३१ जुलैवरून १५ सप्टेंबरवर गेली होती, म्हणून ऑफिस रिकामं. त्यात दुसऱ्या दिवशी कानबाईचे रोट, हा आमच्या खानदेशातला श्रावणातला सण, म्हणजे अर्धं गाव दळणात आणि भाऊबंद गोळा करण्यात. अशा दिवशी एक निवृत्त प्राथमिक शिक्षक पोराला घेऊन आले. गुरुजी माझ्याकडे पेन्शनच्या रिटर्नसाठी दरवर्षी येतात. पोरगा पंचविशीचा, खुर्चीच्या कडेवर बसलेला.

"ताई, याचे पैसे अडकलेत, जूनपासूनचे. काय काम करतो विचारलं की म्हणतो ग्राफिक डिझाइन. आता ग्राफिक डिझाइनचे पैसे कोणी कशाला अडकवेल?"

पोराने फोन माझ्यापुढे सरकवला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसला. मेल एका परदेशी ऑनलाइन गेम दुकानाचा होता. नाव घेत नाही. मजकूर असा, की आपल्या पानावर प्रौढांसाठीचा आशय आहे, आमच्या पेमेंट भागीदारांच्या निकषांनुसार तपासणी चालू आहे, तोवर पान शोधात दिसणार नाही आणि रक्कम दिली जाणार नाही.

मी एक बाई, समोर त्याचे वडील. विचारायचं कसं? शेवटी डॉक्टर विचारतात तशा कोरड्या आवाजात विचारलं, "चित्रं कसली आहेत?"

तर गेम म्हणजे वाचायची गोष्ट. पडद्यावर चित्र, खाली संवाद, मध्ये मध्ये निवड करायची. गोष्ट लिहिणारा पोलंडचा, पान या पोराच्या खात्यावर, कमाई निम्मी निम्मी. गोष्टीत नवराबायकोचे काही प्रसंग उघडे आहेत. ती पात्रं तिसराच कोणी काढतो. हा फक्त पार्श्वभूमी काढतो.

"पोलीस येथीन का?" गुरुजी एकदम अहिराणीवर आले. "चोरी ते नही ना?"

चोरी नव्हती. पण प्रश्न रास्त होता, म्हणून मी तो टाळला नाही. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६७अ कलम आहे. लैंगिक कृतीचा उघड आशय इलेक्ट्रॉनिक स्वरूपात प्रसिद्ध केला तर पहिल्या दोषसिद्धीलाच पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड. परदेशी दुकानात चालतं म्हणून इथे चालतंच असं नाही. खातं कोणाच्या नावावर ठेवायचं आणि कसं, हे जळगावच्या फौजदारी वकिलाला विचार, असं मी त्याला कागदावर लिहून दिलं. ते माझं क्षेत्र नाही.

माझं क्षेत्र पैसा. आणि तिथे पोराने मला बरंच शिकवलं. खुर्चीच्या कडेवरून तो हळूहळू मागे रेलला.

स्टीम हे पीसी गेमचं सगळ्यात मोठं दुकान. ते चालवणाऱ्या व्हॉल्व्हने जून २०१८ मध्ये जाहीर केलं होतं, की बेकायदा किंवा निव्वळ खोडसाळ सोडून सगळं ठेवू. त्याच वर्षी सप्टेंबरात गाळण्या आल्या: गेम करणाऱ्याने स्वतः फॉर्म भरून आशय सांगायचा, आणि ग्राहकाने मुद्दाम सेटिंग चालू केल्याशिवाय प्रौढांचे गेम दिसायचे नाहीत. सात वर्षं हे चाललं. मग जुलै २०२५ मध्ये नियमात एक ओळ वाढली. पेमेंट प्रोसेसर (दुकानासाठी ग्राहकाचे पैसे वसूल करणाऱ्या कंपन्या), कार्ड नेटवर्क (व्हिसा, मास्टरकार्ड) आणि बँका यांच्या नियमांचा भंग करू शकेल असा आशय चालणार नाही. 'करेल' नाही, 'करू शकेल'. शेकडो गेम गेले. २४ जुलैला, आपल्याकडे दीप अमावस्येच्या दिवशी, इच डॉट आयओ या दुसऱ्या गेम दुकानाने प्रौढ आशयाची सगळी पानं शोधातून काढली. ही जागा छोट्या, एकट्यादुकट्या निर्मात्यांची. त्यातली फुकट पानं महिनाअखेरीस परत दिसायला लागली, विकत घ्यायची नाहीत.

या सगळ्यामागे ऑस्ट्रेलियातल्या 'कलेक्टिव्ह शाऊट' या संस्थेची मोहीम होती. बलात्कारावर बेतलेला एक गेम स्टीमवर आला होता. ओरड झाल्यावर एप्रिलमध्ये निर्मात्यांनीच तो काढून घेतला. संस्थेने मग दुकानांना सोडून थेट व्हिसा, मास्टरकार्ड, पेपाल यांना खुलं पत्र लिहिलं. मला विचाराल तर तसला गेम गेला ते बरंच झालं. संस्थेची अक्कलहुशारीही मानते. बाजार समितीत माल कितीही मोठ्या अडत्याचा असो, मापाड्याने काटा लावला नाही तर पुढे काही हलत नाही. त्यांनी नेमका मापाडी गाठला.

मापाड्याचा हा अधिकार नवा नाही. डिसेंबर २०२० मध्ये व्हिसा आणि मास्टरकार्डने पॉर्नहबचे व्यवहार बंद केले होते. ऑगस्ट २०२१ मध्ये ओन्लीफॅन्स या पैसे भरून बघायच्या साइटने बँकांच्या दबावामुळे उघडा आशय बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि आठवडाभरात माघार घेतली. तिथे कॅमेऱ्यापुढे खरी माणसं होती, त्यांच्या संमतीचा प्रश्न होता. इथे सगळी रेघारंगाची.

"पण मग नाही कोण म्हणालं?" गुरुजींनी शिक्षकी बोट वर केलं.

इथे खरी गंमत. मास्टरकार्डने आदल्याच दिवशी निवेदन काढलं होतं, की आम्ही कुठलाही गेम तपासलेला नाही, कायदेशीर खरेदीला आमची हरकत नाही. व्हॉल्व्हचं म्हणणं, मास्टरकार्ड आमच्याशी थेट बोललंच नाही, ते प्रोसेसर आणि त्यांच्या बँकांशी बोललं, आणि प्रोसेसरांनी आम्हाला मास्टरकार्डचाच ५.१२.७ हा नियम दाखवला. त्या नियमात बेकायदा व्यवहारांबरोबर ब्रँडची प्रतिष्ठा बिघडवणारे व्यवहारही येतात, आणि ती बिघडते की नाही हे ठरवणार मास्टरकार्डच. प्रत्येक जण शेजाऱ्याकडे बोट दाखवतो.

मी आयकर खात्याशी रोज भांडते, पण त्या दिवशी मला खात्याचा चक्क आदर वाटला. नोटीस आली तर तिच्यावर कलम असतं, २०१९ पासून डीआयएन, म्हणजे त्या कागदाचा ओळख क्रमांक असतो, उत्तराची तारीख असते, वर अपील असतं. या पोराच्या मेलमध्ये यातलं काहीही नव्हतं. कुठलं चित्र, कुठला संवाद, कोणाचा नियम, तपासणार कोण, कधी? खाली सहीच्या जागी 'टीम'.

मेल लिहायचा म्हणून मी त्याला चित्रं दाखवायला सांगितलं, फक्त पार्श्वभूमीची. तो एकेक सरकवत गेला. पावसातला रेल्वे फलाट, केळीची बाग, मग एक स्वयंपाकघर. मातीच्या भिंती, वर सागाची सरं, कोपऱ्यात उतरंड, चुलीवरच्या भिंतीला धुराचा काळा पट्टा, धाब्यातल्या, म्हणजे मातीच्या सपाट छपरातल्या, झरोक्यातून खाली पडलेला उजेडाचा चौकोन.

गुरुजी चष्मा काढून फोनवर वाकले.

"हाई ते आपलं घर शे."

पोरगा गप्प.

"तुनी आजीनी उतरंड." मग माझ्याकडे वळून शुद्ध मराठीत, "ताई, हे आमचं गावचं धाब्याचं घर. बारा साली पडलं. याने फोटोसुद्धा काढला नव्हता." थोड्या वेळाने, "आणि यात ते... नवराबायको?"

"नाही दादा," पोरगा घाईघाईने म्हणाला, "ते दुसऱ्या खोलीत."

मी हसले. खरं तर हसायला नको होतं, पण गुरुजींनाही हसू आवरलं नाही, आणि मग काम सोपं झालं. मेलचा मसुदा तिघांनी मिळून केला. 'कृपया' दोनदा आलं होतं ते गुरुजींनी एकदा केलं, आणि कुठला नियम हा प्रश्न तिसऱ्या ओळीतून पहिल्या ओळीत नेला. हिशेबाचं मी सांगितलं: तुझी वही रोख पद्धतीची ठेवू, म्हणजे जे डॉलर हातात आले नाहीत त्यांच्यावर आज कर नाही. येतील त्या वर्षी बघू. आणि बँकेने परदेशी रकमेचा उद्देश विचारला तर 'ग्राफिक डिझाइन' एवढ्यावर भागवू नकोस, करार जोड.

दुकानाचं उत्तर आठवड्याने आलं. आपली विनंती रांगेत आहे. खाली पुन्हा 'टीम'.

मधल्या काळात वकिलाचं ऐकून पोराने ते पान पोलंडच्या लेखकाच्या नावावर करायला टाकलं. स्वतःची चित्रं त्याने वेगळी काढली: फलाट, केळीची बाग, स्वयंपाकघर, असा पार्श्वभूमींचा संच, इतर गेमवाल्यांना वापरायला. दुकान तेच, खातं तेच, चित्रंही तीच. फक्त फॉर्ममध्ये प्रौढ आशयापुढे 'नाही'. त्याचे पैसे दिवाळीच्या आत बँकेत आले, कोणी काही विचारलं नाही. जूनपासूनची रक्कम अजून 'प्रलंबित' दाखवते. मी ती वहीत धरलेली नाही.