एक्स-रेला जाण्याआधी

६ जानेवारी

व्हिसाच्या मुलाखतीचं पत्र आलं. १२ फेब्रुवारी, मुंबईची अमेरिकन वकिलात, वांद्रे-कुर्ला संकुल. लेक मृणालनं अमेरिकेतल्या न्यू जर्सीतून, एडिसनहून फोन करून वाचून दाखवलं आणि वाचता वाचता तिचा आवाज चिरकला. तीन वर्षं ती आमच्या कागदांच्या मागे आहे. आई-वडिलांसाठी दोन निरनिराळे अर्ज करावे लागतात, त्यामुळे ह्यांची फाईल वेगळी, माझी वेगळी. दोघांचे पैसेही वेगळे, नुसत्या व्हिसाच्या अर्जाचेच माणशी ३२५ डॉलर. सगळे तिनंच भरले.

मुलाखतीच्या आधी मुंबईत वैद्यकीय तपासणी करून घ्यायची. कुठल्याही डॉक्टरचं प्रमाणपत्र चालत नाही, वकिलातीनं नेमलेल्या डॉक्टरकडेच जावं लागतं. छातीचा एक्स-रे काढतात.

एक्स-रे हा शब्द ऐकल्यापासून मन थाऱ्यावर नाही. दिवाळीत मृणाल अर्ज भरत होती, पडद्यावरचे प्रश्न मोठ्यानं वाचत होती. तुम्हाला क्षयासारखा संसर्गजन्य आजार आहे का? मी 'नाही' म्हटलं. ते खरंच होतं, प्रश्न आजचा होता. मग तिनं आपणहून विचारलं, "आणि आधी कधी काही मोठं आजारपण, आई?" त्यालाही मी नाही म्हटलं. तो नकार कुठल्याही रकान्यात गेला नाही. तो फक्त माझ्या लेकीला दिला होता.

९ जानेवारी

दिवसभर कागद. ह्यांचा जन्म बडोद्यातल्या रावपुऱ्यातला, १९५६ चा. माझा दांडिया बाजारातला, १९६१ चा. दोघांच्याही जन्माची नोंद कुठे नाही. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा लागू झाला १ एप्रिल १९७० ला. त्याआधी जन्मलेल्यांना शाळा सोडल्याचा दाखला चालतो, त्यावर आई-वडिलांची नावं आणि जन्मगाव असलं म्हणजे झालं. बडोद्याच्या माणसाला शाळेचा दाखला मिळायला अडचण पडत नाही. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हापासून इथल्या घराघरातली मुलं शाळेच्या रजिस्टरात आहेत. माझी आजीसुद्धा होती. मी स्वतः एकतीस वर्षं शाळेत शिकवलं, ती रजिस्टरं हातानं भरली आहेत, म्हणून आज तो पिवळा कागद हातात घेताना बरं वाटलं.

पण दाखल्यावर मी कुमुद आहे. लग्नात नाव बदलून सुनंदा केलं, तेव्हापासून रेशनकार्ड, बँक, पासपोर्ट, सगळीकडे सुनंदा. तांदळात अंगठीनं लिहिलेलं नाव आपल्याकडे पुरेसं असतं, तिकडे पुरत नाही. दोन्ही नावं एकाच बाईची आहेत असं प्रतिज्ञापत्र केलं. नोटरीनं शिक्का मारला तेव्हा कुमुद हे नाव कितीतरी वर्षांनी कुणीतरी मोठ्यानं उच्चारलं.

पासपोर्ट सेवा केंद्रातून पोलिसांचा दाखला आला आहे. फोटो दोन इंच बाय दोन इंच, पाठीमागे पांढरं, चष्मा काढून. झालं ते.

१५ जानेवारी

काल उत्तरायण. पहाटेपासून गच्चीवर 'काप्यो छे'चा गजर, शेजारच्यांचं उंधियू, आमचे तिळगूळ. सगळे वर असताना मी खाली आप्पांची पत्र्याची ट्रंक उघडून बसले. शोधत होते १९८० सालचे औषधांचे कागद. मिळणार नाहीत हे ठाऊक होतं. बरी झाले त्या दिवशी आप्पांनी डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, एक्स-रे, सगळं बंबात घातलं होतं. "आता हे कुणाच्या हाती लागायला नको," एवढंच म्हणाले होते. मुलीचं लग्न व्हायचं होतं.

आज ते सगळं इथे लिहून ठेवते.

मी एकोणीस वर्षांची, विद्यापीठात कला शाखेच्या दुसऱ्या वर्षाला. संध्याकाळी कणकण, रात्री घामानं उशी ओली, वजन उतरत चाललेलं. एक दिवस खोकताना रुमालावर लाल ठिपका आला. एक्स-रे काढला, डाव्या फुप्फुसाला वरच्या बाजूला डाग. घरात क्षय हा शब्द कुणी उच्चारला नाही. आई 'छातीतलं' म्हणायची. वाड्यात सांगितलं की पोरीला मुदतीचा ताप आहे, पुढे सांगितलं की हवापालटाला साताऱ्याला मावशीकडे गेली आहे. मी कुठेही गेले नव्हते. मागच्या खोलीत होते. माझं ताट, वाटी, पेला वेगळा. आई ते रोज स्वतः उकळायची.

इंजेक्शन स्ट्रेप्टोमायसिनचं, रोज, कमरेत. ओळखीचा कंपाउंडर वाड्याजवळच होता, पण आप्पा मला पहाटे उजाडायच्या आत सायकलवर डबलसीट बसवून पार विश्वामित्री नदीपलीकडे न्यायचे, कुणी बघू नये म्हणून. थंडीत त्यांचा मफलर माझ्या तोंडाला. पुलावर आले की सायकलवरून उतरून चालत जायचे, मला मात्र बसूनच राहायला सांगायचे. बरोबर गोळ्या, आयसोनियाझिडच्या. गोळ्या दीड वर्ष चालल्या. इंजेक्शनांच्या दुसऱ्या महिन्यात डाव्या कानात घंटेसारखा आवाज सुरू झाला. घाबरून कुणाला सांगितलं नाही. इंजेक्शन थांबवलं तर बरी होणार नाही असं वाटलं. त्या औषधानं कानाची नस जाऊ शकते, हे फार पुढे कळलं. घंटा थांबली तेव्हा त्या कानाचं ऐकणंही बरंचसं गेलं होतं.

ह्यांना मी लग्नाच्या पहिल्या वर्षी सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "आता बरी आहेस ना?" पुन्हा तो विषय त्यांनी कधी काढला नाही. सासूबाई गेल्या तोवर त्यांना माहीत नव्हतं. मृणालला तर आजपर्यंत माहीत नाही. ऐकू येत नाही त्याचं कारण तिला लहानपणी गालगुंड सांगितलं होतं.

वर्गात आनंदीबाई जोशींचा धडा किती वर्षं शिकवला. १८८३ साली अमेरिकेला गेल्या, १८८६ साली डॉक्टर झाल्या, हे मुलींकडून पाठ करून घ्यायची. १८८७ साली बाविसाव्या वर्षात त्या कशानं गेल्या, ते वाक्य आलं की माझा आवाज आपोआप खाली यायचा आणि मी पुढच्या परिच्छेदावर जायची. एकाही मुलीला तो शब्द फळ्यावर लिहून दाखवला नाही. जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा आपल्या देशात आहे. माझ्या चाळीस-पन्नास मुलींच्या वर्गात कुणाच्या तरी घरी मागची खोली असणारच. तिच्यासाठी तरी बोलायला हवं होतं. याचं मला फार वाईट वाटतं.

१९ जानेवारी

रविवार. मृणालला सांगितलं.

ठरवलं होतं की शांतपणे सांगायचं, तारखांनिशी. प्रत्यक्षात पहिल्या वाक्यालाच रडू आलं. हे बाजूला येऊन बसले. ती काही बोलेना. मला वाटलं, रागावली. खोटं बोलल्याचा राग यायलाच हवा होता. मग तिनं विचारलं, "म्हणून तू मला नेहमी उजव्या बाजूला झोपवायचीस?"

हो. अंधारात ती कुशीतून काही बोलली तर ऐकू यावं म्हणून.

नंतर ती रागावली, पण वेगळ्या कारणानं. तपासणीत काही निघालं तर मी तिथे एकटी घाबरेन, याचा राग. "डॉक्टरना सगळं सांगायचं आई, काही म्हणजे काही लपवायचं नाही. जुना बरा झालेला क्षय असला म्हणून व्हिसा नाकारत नाहीत. आज जंतू आहेत का, एवढंच बघतात." तिनं सगळा क्रम समजावला. एक्स-रेत डाग दिसला तर तीन दिवस लागोपाठ सकाळी कफ तपासायला घेतात. सूक्ष्मदर्शकाखालचा निकाल लवकर येतो, पण कल्चरला, म्हणजे जंतू वाढतात का ते बघायला, आठ आठवडे लागतात. तिन्हींत काही उगवलं नाही तर मार्ग मोकळा; तिकडे पोचल्यावर तिथलं आरोग्य खातं पुन्हा एकदा बोलावून बघतं.

रात्री तिचा निरोप आला. तिनं स्ट्रेप्टोमायसिनबद्दल वाचत बसून शोधून काढलं होतं. ते औषध १९४३ साली शोधलं गेलं ते न्यू जर्सीतच, रटगर्स विद्यापीठात, वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत. तिच्या घरापासून गाडीनं पाव तासावर. "मी रोज त्या रस्त्यानं कामाला जाते," एवढंच शेवटी लिहिलं होतं. मी तो निरोप ह्यांना तीनदा वाचून दाखवला.

२२ जानेवारी

लसींची यादी केली. धनुर्वात-घटसर्प दोघांना, हंगाम आहे म्हणून फ्लूची दोघांना. गोवर-गालगुंड-रुबेलाची फक्त मला, कारण १९५७ च्या आधी जन्मलेल्यांना ती माफ. कांजिण्या मला येऊन गेल्या आहेत. दंड दुखतो आहे.

डॉक्टरांना द्यायला एका पानावर माझ्या हातानं आजाराची हकिकत लिहिली. साल, औषधं, किती महिने, कान. कागदपत्रं का नाहीत, तेही लिहिलं: वडिलांनी जाळली. सही करताना अडले. आजार कुमुदला झाला होता. दोन्ही नावांनी सही केली.

३१ जानेवारी

बोरिवलीहून, धाकट्या जावेच्या घरून लिहिते आहे.

मंगळवारी तपासणी झाली. पासपोर्ट, मुलाखतीचं पत्र, अर्जाची पावती, फोटो, लसींचे कागद. मग उंची, वजन, रक्तदाब, डोळे. एक्स-रेच्या खोलीत मंगळसूत्र काढून डबीत ठेवलं, आखूड झगा घातला, हनुवटी वर, खांदे पुढे. "श्वास घ्या, रोखा." रोखला.

डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. पडद्यावर छाती उजळली आणि डाव्या फुप्फुसात वरच्या बाजूला तो डाग होता. मला वाटलं होतं भीती वाटेल. कापसाच्या वातीएवढा पांढुरका व्रण, आणि मला आप्पांची सायकल दिसली. त्यांनी विचारायच्या आत मी कागद पुढे केला. त्यांनी पूर्ण वाचला, दीड वर्ष नेमानं औषध घेतलंत का विचारलं, आणि म्हणाल्या, "चांगलं केलंत लिहून आणलंत." कफ द्यावाच लागेल, तेही सांगितलं.

बुधवार, गुरुवार आणि आज, तीन सकाळी. पाचला उठून लोकल. चूळ भरायची, खोल श्वास घ्यायचे आणि छातीच्या तळातून खाकरायचं. "थुंकी नको आजी, बेडका हवा," तिथला मुलगा रोज सांगायचा, आणि रोज धीर द्यायचा. खोकला नसलेल्या माणसाला बेडका काढणं सोपं नाही. आज तिसऱ्या दिवशी पंचवीस मिनिटं लागली. रांगेत माझ्यासारखेच आणखी काही होते, एक पंजाबी आजोबा, एक नवी नवरी. तिची मेंदी अजून उतरली नव्हती. तिची आई सारखी इकडेतिकडे बघत होती, ओळखीचं कुणी दिसतंय का म्हणून. ती नजर मी ओळखते. मी मुलीजवळ जाऊन बसले आणि सांगितलं, मला एकोणिसाव्या वर्षी झाला होता, मी आता चौसष्ट वर्षांची आहे. आईनं ऐकलं.

आयुष्यात पहिल्यांदा परक्या माणसाला सांगितलं. जिना उतरताना पाय हलके होते.

बोटांचे ठसेही याच फेरीत देऊन झाले.

१० फेब्रुवारी

उद्या दुपारच्या गाडीनं पुन्हा मुंबई. तिन्ही नमुन्यांत सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसले नाहीत. कल्चरचा निकाल मार्चअखेर, पाडव्याच्या सुमारास. म्हणजे परवा मुलाखत चांगली झाली तरी माझा व्हिसा अडकून राहील, ह्यांचा कदाचित होईल. हे म्हणतात, "माझ्या तपासणीचा कागद सहा महिने चालतो, घाई कुणाला आहे? बरोबरच जाऊ." त्यांना एकट्यानं चहासुद्धा करता येत नाही, पण ते कारण नाही, मला माहीत आहे.

फाईल तीनदा लावली. वर पत्र, मग पासपोर्ट, दाखले, प्रतिज्ञापत्र, लग्नाचा दाखला, मृणालचा १९८७ चा जन्मदाखला, तिच्या नागरिकत्वाचा कागद, तिचे कराचे कागद. तिनं तिकडे लिहून दिलं आहे की आई-वडिलांचा भार ती उचलेल, सरकारवर पडू देणार नाही. माझी आजी लेकीच्या घरी पाणीसुद्धा पीत नसे. मी त्या कागदावरून हात फिरवला आणि नीट घडी करून ठेवला. लाज वाटली नाही.

मुलाखत आपल्याला सोयीच्या भाषेत देता येते म्हणे. हे गुजरातीत देणार, रिफायनरीत बत्तीस वर्षं तीच बोलले. मी मराठीत. काचेपलीकडच्या माणसाचं नीट ऐकू यावं म्हणून उजवा कान काचेकडे करून उभी राहीन, हे ह्यांना सांगून ठेवलं आहे.

आत्ता मृणालचा फोन होता. आमची खोली लावते आहे. पलंग कुठल्या भिंतीला टाकू, विचारत होती. निजल्यावर तुझा उजवा कान दाराकडे यायला हवा ना, म्हणाली, रात्री हाक मारली तर. मी खोलीचा नकाशा पाठीमागच्या पानावर काढून बघितला आणि सांगितलं, खिडकीच्या भिंतीला टाक.