कारी बासा

मला जपानी येत नाही. म्हणजे येतं, पण सकाळी दहा ते बारा या वेळात येत नाही. नोकरीवर घेतानाच तसं ठरलंय. मुलांसमोर फक्त इंग्रजी बोलायचं, आणि जपानी कळतंय हे चेहऱ्यावरसुद्धा दिसता कामा नये. टीचरला आपली भाषा कळते हे एकदा समजलं की मुलं इंग्रजीच्या वाटेला कशाला जातील, असा त्यामागचा हिशेब. हिशेब अर्थातच मोठ्या माणसांचा.

शिझुओका प्रांतातल्या एका लहान शहरात ही योचिएन आहे. योचिएन म्हणजे तीन ते सहा वर्षांच्या मुलांची बालवाडी. जपानच्या प्राथमिक शाळेत २०२० पासून पाचवी-सहावीला इंग्रजी रीतसर विषय झाला, तिसरी-चौथीला तोंडओळख असते. पण पालकांना तेवढा धीर कुठला! म्हणून मग माझ्यासारखी एखादी बाई ठेवतात. दारात बूट काढायचे, आतले पांढरे उवाबाकी चढवायचे, एप्रनच्या खिशात चित्रांचे पत्ते कोंबायचे आणि वीस-वीस मिनिटांचे तीन वर्ग घ्यायचे. वर्गांना फुलांची नावं. तानपोपोत सगळ्यात लहान मुलं, मग सुमिरे, मग हिमावारी. हिमावारीवाले पुढच्या एप्रिलमध्ये पहिलीत जाणार, त्यामुळे त्यांचा थाट काही वेगळाच.

माझं सगळ्यात नावडतं काम म्हणजे रंग शिकवणं. आधीच 'ब्लू'चं 'बुरू' होतं, 'ग्रीन'चं 'गुरीन' होतं. जपानीत व्यंजनाला स्वराचा टेकू लागतो आणि 'ल' नावाचा वेगळा आवाजच नाही, त्याला मुलं काय करणार. ते चालतं मला. खरी पंचाईत सिग्नलच्या चित्राशी होते. खालचा दिवा मी दाखवते, 'ग्रीन' म्हणते, आणि अख्खा वर्ग एका सुरात ओरडतो, "बुरू!" कारण जपानीत त्या दिव्याला 'आओ', म्हणजे निळा, म्हणतात. दिवा हिरवाच असतो, म्हणायचा मात्र निळा. एकदा मी हट्टाने तीनदा 'ग्रीन' म्हटलं. तर पुढच्या रांगेतल्या एका मुलीने माझ्याकडे इतक्या कळवळ्याने पाहिलं, की घरी जाताना ही बाई रस्ता कसा ओलांडते याचीच तिला काळजी लागली असावी. सूर्याचंही तेच. इथली मुलं सूर्य लालभडक रंगवतात. मी फळ्यावर पिवळा काढला तर एकाने चंद्र म्हणून टाळ्या वाजवल्या.

माझं बिंग फुटलं ते तानपोपोत. गाणं ऐन रंगात आलेलं असताना एक चार वर्षांचा मुलगा पायाला पाय चिकटवून माझ्यापाशी आला आणि अगदी हळू म्हणाला, "ओशिक्को." आता शू लागलेल्या मुलाला मी काय, 'से इट इन इंग्लिश' म्हणू? त्याला उचललं आणि पळत सुटले. वेळेत पोहोचलो. परत आलो तर वर्गात शांतता, सगळे माझ्याकडे बघतायत. मग त्याच पठ्ठ्याने बाकीच्यांना समजावून सांगितलं, की टीचरच्या कानात जपानी आहे, तोंडात नाही. ते सगळ्यांना पटलं. तेव्हापासून मुलं माझ्याशी बिनधास्त जपानीत बोलतात आणि उत्तर इंग्रजीतच येणार हे गृहीत धरतात. वरिष्ठांना अजून पत्ता नाही.

इंग्रजीचा हा नियम एकाच वेळी गुंडाळून ठेवतात, भूकंपाच्या सरावात. या भागात मोठा भूकंप होऊ शकतो हे १९७६ पासून सांगितलं जातंय, त्यामुळे इथे सराव कोणी हसण्यावारी नेत नाही. आमच्याकडे दर महिन्याला असतो. ओ-का-शि-मो मलाही पाठ करायला लावलं: ढकलायचं नाही, धावायचं नाही, बोलायचं नाही, मागे फिरायचं नाही, या चार जपानी शब्दांची आद्याक्षरं. 'ओकाशी' म्हणजे खाऊ आणि 'मो' म्हणजे 'सुद्धा', त्यामुळे मुलं ते खाऊच्याच आनंदात म्हणतात. मग 'दांगोमुशी' अशी हाक येते. दांगोमुशी म्हणजे हात लावला की गोळी होणारा, कुंडीखाली सापडतो तो किडा. मुलं गुडघे पोटाशी घेऊन तशीच गोळी होतात, मान दोन्ही हातांनी झाकतात. खुर्चीवर एरवी गादी म्हणून असलेली जाड टोपी, बोसाई झुकिन, नंतर डोक्यावर चढते.

गेल्या महिन्यात सराव नसताना जमीन हलली. हिमावारीत होते. आधी खिडकीच्या काचा किणकिणल्या, मग फळ्यावरचे चुंबक. नंतर बातम्यांत आमच्याकडची तीव्रता तीन दाखवली. सातपर्यंत जाणाऱ्या इथल्या मोजपट्टीवर तीन म्हणजे काही फार नाही. पण त्या क्षणी मला तीन की सात हे कुठून कळणार? आणि माझ्या तोंडून, पाठ केलेलं जपानी नाही, पगार घेते ते इंग्रजीही नाही, तर खणखणीत मराठी बाहेर पडलं, "खाली बसा! अरे, खाली बसा!"

मुलं केव्हाच खाली बसलेली होती. अठ्ठावीस दांगोमुशी जमिनीला चिकटलेले आणि मधोमध मी एकटी उभी, हातात हत्तीचं चित्र. टेबलाखालून कोणीतरी माझा एप्रन ओढला. मग मीही गोळी झाले.

पुढच्या तासाला नेहमीसारखं 'सिट डाउन' म्हटलं. कोणी बसेना. एकमेकांकडे बघून खुसखुसणं चाललेलं. मग मागून एक आवाज आला, "कारी बासा!" आणि सगळे धपाधप बसले. त्यांच्या मते घाईच्या वेळचं खरं इंग्रजी ते होतं, आणि मी इतके दिवस त्यांच्यापासून लपवून ठेवलं होतं. आठवड्याभरात ते सुमिरेत पोहोचलं. तानपोपोतल्या पिल्लांना अजून नीट म्हणता येत नाही, ती नुसतं "बासा, बासा" करत फिरतात.

परवा मुख्याध्यापक वर्गावरून जात होते. दारात थांबले, कौतुकाने ऐकलं आणि मुलांच्या देखत मला जपानीत विचारलं, हे ब्रिटिश इंग्रजी आहे का?

सव्वादहा वाजले होते. मला जपानी येत नाही, म्हणून मी नुसतीच हसले.