आनंदाच्या रहस्यांचा सोमवार

सावंतवाडीहून निघालो तेव्हा उजाडलं नव्हतं, पण टेम्पोवरचा भोंगा सुरू झाला होता. टेम्पोत फुलांनी सजवलेला सायब, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियर, मागे एकाच रंगाच्या टी-शर्टातले आम्ही. जुन्या गोव्याला त्याचं फेस्त, म्हणजे सण, तीन डिसेंबरला, त्याआधी पोचायचं.

पावसाळ्यात माझा धाकटा भाऊ याच हायवेवर मोटरसायकलच्या अपघातात गेला. तेव्हापासून रात्री फोन वाजला की छातीत धडधड सुरू व्हायची, हातांना मुंग्या यायच्या आणि श्वास गळ्यापाशीच अडायचा. कार्डिओग्राम साफ निघाला. डॉक्टरांनी गोळी दिली, समुपदेशकाकडे पाठवलं, आणि दोन्हीचा उपयोग होतोय, हेही सांगून टाकते. आई म्हणाली, "जा गो, सायबाक भेटून ये." नाही म्हणायलाही अंगात जोर लागतो. म्हणून निघाले.

देवाशी माझं भांडण वगैरे नव्हतं. भांडायला आधी ओळख लागते. जन्माने क्रिस्तांव, रविवारची मिस्सा चुकवत नाही, पण मिस्सेत बसून बाजाराचे हिशेब करणारी मी.

बांदा गेलं, पत्रादेवीचा नाका गेला. आमच्यातल्या एक बाई (आंटी म्हणू) सारख्या जवळ येत होत्या. "देवाला चांगलीच माणसं हवी असतात गं. त्याची इच्छा." पहिल्यांदा मान डोलावली. नंतर बुटाची नाडी बांधायच्या निमित्ताने मागे राहायला लागले. प्रत्येक ट्रकगणिक माझे खांदे कानापर्यंत चढत होते आणि भोंग्यावर रोजरी, मण्यांच्या माळेवरची मरियेची प्रार्थना, चालू होती.

धारगळच्या आसपास, दुपारी, उजव्या टाचेचा फोड फुटला. वार सोमवार, म्हणजे रोजरीत आनंदाची रहस्यं, येशूच्या जन्माच्या आसपासचे प्रसंग. पाय असा पेटलाय की बूट जमिनीला लावताना डोळ्यांत पाणी, आणि भोंगा सांगतोय, आनंदाचे दुसरे रहस्य, येशूची आई मरिया तिच्या नात्यातल्या अलीशिबेला भेटायला जाते. डोंगराळ मुलखात, घाईघाईने. मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, हिला वाटेत फोड आले असतील का? पन्नास वेळा ऐकलेली गोष्ट, पण मरियेला पाय असतील हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

टेम्पोत बसायला मी नकार दिला. भाऊ रस्त्यावर मेला आणि मला टाचेचं काय कौतुक, असा काहीतरी तो हिशेब होता. मंडळी पुढे गेली. मी एका घराच्या अंगणात, तुळशीसमोरच्या पायरीवर बसले, मोजा ओढून काढला आणि लोंबणारी कातडी नखाने टरकावली.

"गो, तुझोच पाय न्हय तो?"

आतून म्हातारी आली होती. नऊवारीचा काष्टा, हातात सुपारीचा अडकित्ता तसाच. तिने माझा हात बाजूला केला. "पोराचो पाय असतो तर असो वरबाडलो असतंस?"

उत्तर काय देणार. ती आत गेली आणि बऱ्याच वेळाने कोमट पाण्याचं घमेलं घेऊन आली. मूठभर मीठ टाकून ढवळलं. मी पाय मागे घेतले, म्हटलं आजी, तुम्ही नको, मी धुते. पवित्र गुरुवारी आमचे फादर बाराजणांचे पाय धुतात, तेव्हा सगळे घरून साबणाने घासून आलेले असतात. माझे पाय डांबराने आणि घामाने काळे झाले होते. येशू पाय धुवायला आला तेव्हा त्याचा शिष्य पेत्रानेही आधी नाहीच म्हटलं होतं. म्हातारी मात्र वाद घालणारी नव्हती. घोटा धरून पाय पाण्यात बुडवला, चोळला नाही, नुसतं ओंजळीने पाणी सोडत राहिली. मिठाने पहिल्यांदा जीव गेला, मग झोंबणं ओसरलं. पदराने टिपून तिने खोबरेल लावलं आणि जुन्या पांढऱ्या लुगड्याची पट्टी बांधली. तिचे सासरे पंढरीला चालत जायचे. अशा टाचा तिने पुष्कळ बघितल्या होत्या.

मग मी रडले. भावासाठी की टाचेसाठी ते कळलं नाही. ती शेजारी सुपारी कातरत बसली. देवाची इच्छा वगैरे काही बोलली नाही. निघताना दोन केळी दिली आणि मोठ्या मापाच्या चपला, "पट्टी बसतली." चपला परत कशा देऊ विचारलं तर, "सायबाकडे ठेव."

म्हापशाला मिलाग्रीस सायबिणीपुढे, म्हणजे मरियेपुढे, मेणबत्ती लावली. पर्वरी, पूल, पणजी.

रायबंदरचा बांध म्हणजे तीन किलोमीटरच्या वर सरळ रस्ता, 1633 साली बांधायला घेतलेला. एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला मिठागरं आणि खारफुटी. मंगळवार, दुःखाची रहस्यं. गेथशेमने बाग, अटकेआधीच्या रात्री येशू प्रार्थना करतो ती. एक बस अंगावरून गेल्यासारखी गेली आणि छातीत सुरू झालं. एरवी मी स्वतःला झापते, किती महिने झाले, बस कर आता. त्या दिवशी कठड्याला टेकले आणि छातीवर हात ठेवून पुटपुटले, "भियालंस मां? रव वायच." घाबरलीस ना, थांब जरा.

पुढे भोंगा बागेतच होता. येशू घामाघूम होतो, मित्रांना जागे राहा म्हणतो आणि ते झोपतात. तुझी इच्छा, हे तोही म्हणतो, पण आधी दुःखाचा प्याला टाळायची विनवणी करून. एकदाच नाही, तीनदा तेच शब्द. घाबरल्याबद्दल बाप त्याला रागावत नाही. मणी बोटांखालून सरकत होते आणि मी पहिल्यांदा कुणाशी तरी बोलत होते. काय बोलले ते माझ्यापाशी राहू दे. धडधड थांबली नाही, कमी झाली. आंटी मागून आल्या, काही न बोलता पाण्याची बाटली पुढे केली. त्यांचाही मुलगा गेलाय, हे मला तिथे कळलं. तरी ते 'त्याची इच्छा'वालं वाक्य मला आवडत नाही.

बॉं जेझू चर्चमध्ये रांग, ढकलाढकली, मागच्या मुलाचं भोकाड. सायबाचे अवशेष दर्शनासाठी खाली आणायचं हे वर्ष नव्हतं. चांदीची पेटी उंचावरच. याच्याकडे सगळे बरं व्हायला येतात, आणि हा स्वतः 1552 मध्ये 46व्या वर्षी, चीनला नेणाऱ्या जहाजाची वाट बघत, एका बेटावर तापाने गेला. चपला आवारात कपड्यांच्या ढिगापाशी ठेवल्या आणि अनवाणी बाहेर आले.

बाहेर नवसाला वाहायचे मेणाचे अवयव विकायला मांडले होते. हात, पाय, डोकी (कोकणीत तकली), बाळं. विकणाऱ्या बाईने माझ्या पट्टीकडे बघितलं, मग तोंडाकडे. "पाय दिवं की तकली?"

पाय घेतला. डोक्याची गोळी रात्री घ्यायचीच होती.