भाई तख्तसिंग आणि हरनाम कौर

काल गुरुद्वाऱ्यात शेजारच्या आंटींसोबत लंगरच्या पोळ्या लाटत बसली होती मी, हात पिठाने भरलेले, आणि आंटी सांगून राहिल्या होत्या की त्यांची आजी फिरोजपूरला भाई तख्तसिंगांच्या शाळेत शिकली. मला तर हे नावच माहीत नव्हतं बाप्पा! घरी येऊन रात्री एक वाजेपर्यंत वाचत बसली.

१८९२ मध्ये या माणसाने पंजाबात मुलींची शाळा काढली, तेव्हा लोकं पोरींना शिकवायलाच तयार नसायचे. बायको हरनाम कौर सोबत शिकवायची, नंतर वसतिगृह झालं तर बाहेरगावच्या पोरींचं सगळं तीच बघायची. सावित्रीबाई-जोतिबाच आठवले मला. १९०६ मध्ये ती गेली, तरुण होती हो, पण भाईजींनी शाळा बंद पडू दिली नाही, 'पंजाबी भैण' नावाचं मासिक काढलं, आणि शाळेच्या पैशासाठी मलाया, सिंगापूर, पार जपानपर्यंत फिरले. वर्गणीसाठी जपान! त्या काळात, बोटीने!

आंटींकडे आजीची गुरमुखीतली पत्रं आहेत, बिस्किटाच्या जुन्या डब्यात. रविवारी दाखवणार आहेत.