कंदील मांडी घालून बसला तेव्हा

गणपती गेले की आमच्या घरात एक खोका मागे उरतो. २०१८ मध्ये थर्माकोलवर बंदी आली तेव्हापासून आमचं मखर पुठ्ठ्याचं. त्यामुळे खोक्यात पुठ्ठ्याचे तुकडे, अर्धवट क्रेप कागद, सोनेरी लेस, टिकल्या आणि का कोण जाणे, संक्रांतीचे पतंगी कागद. यंदा कोजागिरीला दूध आटत असताना मी जाहीर केलं, की ह्याच खोक्यातून आकाशकंदील करायचा, एक पैसाही न खर्चता. नुसतं मनात ठेवलं असतं तर माहीमच्या कंदील गल्लीतून एखादा आणून मोकळी झाले असते. पण लेकीने ऐकलं होतं.

कोजागिरी ते वसुबारस बारा दिवस. त्यातले आठ सांगाड्याने खाल्ले.

आपला जुना, चौकोनी तोंडांचा कंदील डोळ्यांसमोर आणा. चार चौकोन कोपऱ्यावर उभे, एकमेकांना खेटून गोल मांडलेले, वर एक चौकोन, खाली एक. मधल्या फटीत आपोआप आठ त्रिकोण तयार होतात. कामट्या लागतात चोवीस, सगळ्या सारख्या. बाल्कनीतला चिकाचा, म्हणजे बांबूच्या पट्ट्यांचा, पडदा उंदराने कुरतडला होता, त्याच्या पट्ट्या मी २० सेंटीमीटरच्या कापल्या. पहिल्या चोवीस अंदाजाने कापल्या, त्या सरळ कचऱ्यात गेल्या. एक कामटी चार मिलिमीटरने लांब असली तरी शेवटचा कोपरा जुळत नाही. एक कामटी नीट मोजून कापा आणि बाकीच्या तिच्यावर ठेवून कापा. दुसऱ्या कापलेल्या कामटीवर ठेवून पुढची कापायची नाही, फरक वाढत जातो.

बांधून झालं. बारा कोपरे, प्रत्येकात चार कामट्यांची टोकं. मी कौतुकाने तो टेबलावर ठेवला आणि हात काढला. कंदील सावकाश गिरकी घेत खाली बसला. मोडला नाही, एकही गाठ सुटली नाही. माणूस मांडी घालून बसतो तसा बसला.

मला वाटलं गाठी सैल आहेत. आवळल्या. परत बसला. गाठींवर गोंद ओतला, रात्रभर वाळवला, सकाळी उचलला तर गोंदाला तडे आणि स्वारी मांडी घालून. यूट्यूबवर बघावं तर सगळीकडे तेच: हे चौकोन बांधले, आणि पुढच्या क्षणाला कागद चिकटवलेला, ताठ उभा कंदील. मधलं कोणीच दाखवत नाही. चिडचिड झाली ती ह्याची. चौथ्या दिवशी नवरा म्हणाला, "आणू का एक?" त्याच्याशी मी जेवेपर्यंत बोलले नाही.

शेवटी तळमजल्यावरचे काका. आयुष्यभर फिटरचं काम केलेला माणूस. मी सांगाडा घेऊन जिन्यावरून उतरत होते, कुठे ते मलाही ठाऊक नव्हतं. त्यांनी तो हातात घेतला, दाबला, सोडला आणि समोरच्या इमारतीच्या परांचीकडे बोट दाखवलं. "ते तिरके बांबू कशाला बांधलेत सांग बघू?"

महिनाभर ती परांची माझ्या खिडकीसमोर होती हो!

"पोरी, त्रिकोण हलत नाही. चौकोन हलतो. तुझे आठ त्रिकोण ठीक आहेत, सहा चौकोन ढिले आहेत."

घरी येऊन प्रत्येक चौकोनात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एकेक दोरा बांधला. आता कंदील दुसऱ्या बाजूला बसला. पुन्हा खाली. काका हसले. दोरा ओढ सोसतो, दाब सोसत नाही. चौकोन एका बाजूला कलला की एक कर्ण लांबतो आणि दुसरा आखूड होतो, म्हणून दोरे दोन हवेत, फुलीसारखे. वीस सेंटीमीटरच्या चौकोनाला कर्ण सव्वाअठ्ठावीसच्या जरासा वर येतो. दोन्ही कर्ण पट्टीने सारखे करून मग गाठ मारायची. वरच्या चौकोनाला मात्र दोरे नकोत, तिथे तेवढ्याच लांबीची एक तिरकी कामटी. ती ओढही सोसते, दाबही, आणि बल्बचा होल्डर तिलाच बांधता येतो. खोक्यातली लोकर वापरू नका. ताणते. माझा एक दिवस लोकरीने घेतला. गोधडीचा सुती दोरा घ्या, मेणबत्तीवर एकदा ओढला की गाठ सरकत नाही.

कंदील उभा राहिला तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मी लेकीला झोपेतून उठवून दाखवला. तिने एक डोळा उघडून "छान" म्हटलं.

कागदाचं फारसं सांगण्यासारखं नाही. चमचाभर मैदा कपभर पाण्यात शिजवून खळ केली. जुनी माणसं कीड लागू नये म्हणून तीत मोरचूद घालायची. ते विषारी, घरात मूल असेल तर नकोच. कागद चहूबाजूंनी सेंटीमीटरभर जास्त कापून कडा कामटीवर दुमडायच्या. जरा सुरकुतला तर काळजी नको, इस्त्रीच्या फवाऱ्याने हलकं पाणी मारा, वाळताना आपोआप ताणला जातो. रंगीत कागदाचा आधी एक तुकडा ओला करून बघा, नाहीतर पांढऱ्या चौकोनावर ओघळ.

चौकोन पांढरे, त्रिकोण झेंडूच्या रंगाचे, असा बेत होता. नारिंगी कागद पाच त्रिकोणांना पुरला. उरलेले तीन गुलाबी क्रेपचे. क्रेपमधून उजेड नीट येत नाही हे दिवा लावल्यावर कळलं, म्हणून ती बाजू भिंतीकडे. शेपट्याही क्रेपच्याच, तिथे तो शोभतो. कडांवरची माझी सगळी पापं सोनेरी लेसने झाकली.

हो, वरचा चौकोन कागदाने बंद करायचा नाही, हे आधी सांगायला हवं होतं. मी उत्साहात केला आणि मग बल्ब आत जाईना. फाडला. उष्णता बाहेर जायलाही तो उघडाच हवा. बल्ब एलईडीचा घ्या, सात-नऊ वॉटचा पुरतो. माझ्या माहेरी जुन्या पिवळ्या बल्बने एकदा कागद करपला होता.

खर्च शून्य रुपये. बल्ब घरात होता, त्यामुळे तो मी धरत नाही. नवरा धरतो.

तुळशीचं लग्न झालं, कंदील उतरवला. विकतच्या कंदिलाची घडी होते. हा आता कुठल्याही बाजूने बसत नाही. माळ्याच्या दारातून आत जात नाही, खोक्यात मावत नाही. सध्या कपड्यांच्या कपाटावर आहे, आणि स्वेटर काढायला आम्हाला स्टूल लागतं.