नव्या फोटोला जुना करताना

तपकिरी रंग चढवला आणि चार ओरखडे मारले की फोटो जुना दिसतो, असं बरेच जण धरून चालतात. आमच्या नाटकात भिंतीवर पणजोबांचा फोटो लावायचा होता, काळ साधारण १९१०चा. नटाचा फोटो मोबाइलवर काढला, गिंप या फोटो संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडला आणि आधी त्यातलाच तयार ‘ओल्ड फोटो’ फिल्टर लावून पाहिला. कडा धूसर झाल्या, रंग तपकिरी झाला, पण चेहरा आजचाच राहिला.

मग खरे जुने फोटो शेजारी ठेवून बघत बसलो, तेव्हा उलगडा झाला. त्या काळी फोटो ज्यांवर काढत त्या बहुतेक काचेच्या प्लेट्सवर लाल रंग जवळजवळ उमटतच नसे आणि निळा भसकन उमटे. त्यामुळे ओठ काळपट दिसतात, गालावरचे डाग उठून येतात, आभाळ पांढरंफटक होतं. सगळे रंग पकडणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म सर्रास वापरात आली ती १९२०च्या दशकापासून पुढे. म्हणजे फोटोचं वय ठरतं ते कृष्णधवल करतानाच. सेपिया, म्हणजे तपकिरी छटा, ही फार नंतरची पायरी.

गिंपमध्ये यासाठी मोनो मिक्सर आहे: कृष्णधवल करताना लाल, हिरवा आणि निळा किती घ्यायचा ते त्यात ठरवता येतं. त्यात लाल शून्यावर आणला, हिरवा ०.४ आणि निळा ०.६ ठेवला. समोरचा चेहरा बघता बघता बदलला! ओठ गडद झाले, डोळ्यांखालच्या सुरकुत्या खोल झाल्या आणि निळा सदरा जवळपास पांढरा पडला. मला सगळ्यात जास्त आनंद झाला तो इथे. एक अडचण मात्र येते. मोबाइलच्या फोटोत निळ्या रंगाच्या चॅनलमध्येच नॉइज, म्हणजे नको असलेले बारीक ठिपके, जास्त असतो, त्यामुळे गालांवर ठिपके-ठिपके दिसायला लागले. मिक्सरच्या आधी हलकं नॉइज रिडक्शन करून घेतलं की ते बरेच कमी होतात.

पुढचं काम कर्व्ह्जचं, म्हणजे उजेड-अंधार कमीजास्त करणाऱ्या वक्ररेषेचं. जुन्या प्रिंटमध्ये ठार काळा आणि शुभ्र पांढरा सहसा उरलेला नसतो. म्हणून कर्व्हचं खालचं टोक थोडं वर उचललं, वरचं थोडं खाली आणलं. कागदाचा पिवळटपणा वेगळ्या लेयरवर घेतला: फिका पिवळसर रंग भरला आणि मोड मल्टिप्लाय. त्यामुळे रंग पांढऱ्या भागात दिसतो, गडद भागाला फारसा लागत नाही. खऱ्या सेपियात प्रिंटमधल्या चांदीचं सिल्व्हर सल्फाइड होतं, त्यामुळे चांदी जिथे जास्त तिथे तपकिरीही गडद. सगळ्या फोटोवर एकच तपकिरी थर ओतला की खोटेपणा लगेच कळतो, तो यामुळेच.

ग्रेनच्या, म्हणजे फोटोत दिसणाऱ्या दाण्याच्या बाबतीत लोक हात सैल सोडतात. मोठ्या काचेच्या प्लेटवरून त्याच आकाराची प्रिंट काढली तर दाणा डोळ्याला दिसतच नाही म्हटलं तरी चालेल. म्हणून मी अगदी नावापुरता घातला. उलट मोबाइलने कडांवर आपोआप केलेलं शार्पनिंग फार खुपतं. पापण्यांभोवती पांढरी रेघ दिसत होती, ती गॉशियन ब्लरने मऊ केली.

ओरखड्यांचाही विचार करावा लागतो. निगेटिव्हवर धूळ असेल तर प्रिंटवर पांढरा ठिपका पडतो. निगेटिव्हचा इमल्शनचा, म्हणजे चित्र ज्यात उमटतं तो थर खरवडला गेला असेल तर काळी रेघ येते. आणि ओरखडा प्रिंटलाच असेल तर खालचा कागद दिसतो. मी धुळीचे थोडेसे ठिपके आणि एका कोपऱ्याला मोडल्याची खूण, एवढ्यावरच थांबलो. चेहऱ्यावर काहीच नाही, कारण नीट फ्रेम करून जपलेला फोटो तिथे सहसा फाटत नाही.

प्रिंट मॅट कागदावरच काढा. चकचकीत कागदावर दिवे पडले की सगळी मेहनत वाया जाते. आणि लेयर्ससकट एक्ससीएफ, म्हणजे गिंपची स्वतःची फाइल ठेवा, कारण रंगमंचावरच्या उजेडात पिवळा थर मला पुन्हा कमी करावा लागला.